मायचा फोन ऐकणारे

मायला फोनवर बोलायची हौस होती, आणि ती हौस आम्हीच तिला लावली होती. धाकटा भाऊ फौजेत भरती झाला, मी लग्न होऊन जळगावला गेले, आणि शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात माय आणि आबा दोघंच उरले. आबा म्हणजे माझे वडील. ते बोलणाऱ्यातले नव्हेत. दिवसभर शेतात, संध्याकाळी ओट्यावर. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, एवढंच त्यांचं बोलणं. भावाने पहिल्या सुट्टीत मायला मोठ्या पडद्याचा मोबाईल आणून दिला, आणि मायचं आयुष्य बदललं म्हटलं तरी चालेल.

ती इतक्या मोठ्याने बोलायची की समोरच्या गल्लीत ऐकू जायचं. आबा म्हणायचे, "फोन कसाले लागस तुले? तशीच हाक मार, त्याले आयकू येई." माय हसायची आणि आवाज आणखी चढवायची. भावाला रेंज मिळेल तेव्हा तो फोन करायचा. कुठे आहे ते त्याने सांगायचं नसतं, आणि तरी तो आईला थोडंथोडं सांगायचाच. आज बर्फ पडला, खाली नदी आहे, पूल बांधताहेत, पुढच्या महिन्यात आणखी वर जायचंय. आई विचारते म्हटल्यावर कोणता मुलगा गप्प बसेल?

मीही तिला सगळं सांगायची. जळगावचं माझं घर मी सोडलं होतं. का सोडलं ते इथे लिहीत नाही. धुळ्याला एका खाजगी शाळेत नोकरी धरली आणि खोली भाड्याने घेतली. आबांना एवढंच माहीत होतं की धुळ्याला पगार बरा आहे आणि जावईबापू शनिवारी येऊन जातात. खरं फक्त मायला माहीत होतं. आबांना कधी आणि कसं सांगायचं, यावर आम्ही दोघी तास-तास बोलायचो.

शाळेत मी संगणक शिकवते. त्यामुळे घरातल्या सगळ्या फोनांची जबाबदारी माझ्यावर. मी मायला बजावून ठेवलं होतं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. ती ते अक्षरशः पाळायची. एकदा खऱ्या बँकेचा फोन आला, तर तिने त्या माणसाला शिव्या घालून फोन बंद केला होता.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी गावी गेले होते. सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या वेळी, आबाही घरीच असताना, दाराशी पांढरी जीप येऊन थांबली. साध्या कपड्यातले दोन पुरुष उतरले, मागून एक महिला पोलीस. माय ओसरीत ज्वारीचे पापड, बिबडे, उन्हातून आत घेत होती. जीप बघताच तिच्या हातातलं सूप खाली गेलं.

ज्या घरातलं पोर सीमेवर असतं, त्या घराला सरकारी गाडीचा एकच अर्थ माहीत असतो. माय त्या माणसांपाशी धावत गेली आणि त्यातल्या एकाची बाही धरून म्हणाली, "मना पोऱ्या बरा शे ना? आधी ते सांगा."

"बरा आहे, आई," तो म्हणाला. "एकदम बरा आहे. आपण आत बसू या."

तो त्यांचा साहेब असावा. पस्तिशीचा, नीट बोलणारा. त्याने आपलं खातं सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, चपला बाहेर काढल्या. मी हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला त्याच्यावर खूप राग आला, आणि तो राग ठेवायला माझ्याकडे फारशी जागा नव्हती. तो उर्मट असता तर सोपं झालं असतं.

त्याने मायचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, हा तुमचाच ना. मग दुसरा एक नंबर सांगितला. हा कुणाचा, माहीत आहे का?

माय म्हणाली, "ती ऑफिसवाली बाई. जवानस्ना घरना लोकेस्नी चौकशी करस ती."

मला काही समजेना. अशी कुणी बाई फोन करते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. हिवाळ्यापासून तिचे फोन येत होते. फौजेतल्या पोरांच्या कुटुंबांची काळजी घेणाऱ्या कार्यालयातून बोलते, असं तिने सांगितलं होतं. पैसे मागितले नाहीत, बँक विचारली नाही. मुलगा कसा आहे, थंडी किती आहे, जेवण नीट मिळतं का, सुट्टीवर कधी येणार, आता कुठे आहे.

"ही बाई कोणत्याही ऑफिसातली नाही, आई," साहेब म्हणाला. "ती पलीकडच्या लोकांसाठी काम करते. तिच्या नंबरवर आमचं लक्ष होतं. ती जिथे जिथे फोन करते ते सगळे फोन आम्ही ऐकतो. त्यातच तुमचे फोन आले."

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, मी तिची परीक्षा घेत असल्यासारखी म्हणाली, "ओटीपी तं तिनी मांगाच नही!"

खात्री करायची म्हणून त्याने लॅपटॉप उघडला आणि एक फोन ऐकवला. आमच्या घरात, धान्याच्या कोठ्या आणि देवाच्या फोटोंमध्ये, मायचा आवाज त्या यंत्रातून आला. तसाच मोठा, हाक मारल्यासारखा. त्या बाईचा आवाज मात्र मऊ. "आई, कशा आहात? आमचा भाऊ काय म्हणतो?" आणि माय सांगत होती. पूल अजून व्हयना नही, म्हने. पुढला महिनामा वर जातीन, म्हने. गाड्या पहाटे निंघतीस. माय ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, आपलेच शब्द पुन्हा म्हणत असल्यासारखे.

"या बोलण्यामुळे त्या तुकडीची निघायची वेळ आणि रस्ता बदलावा लागला," साहेब म्हणाला. "वेळेवर कळलं म्हणून."

"आणि नसतं कळलं तर?" मी विचारलं.

मायने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

रेकॉर्डिंग चालूच होतं. त्या बाईने विचारलं, घरी बाकी सगळं ठीक ना, तुमचा आवाज आज उतरलेला वाटतो. आणि माय तिला माझं सांगू लागली. पोरीने नवऱ्याचं घर सोडलंय, धुळ्याला एकटी राहते, बापाला माहीत नाही, मी कुणाशी बोलू, छातीवर दगड घेऊन फिरते.

मी आबांकडे बघू शकले नाही. महिला पोलीस जमिनीकडे बघत होती. दुसरा माणूस काहीतरी लिहीत होता, तो लिहायचा थांबला. आमच्या घरातली जी गोष्ट मी दोन वर्षं जपली, ती आता सरकारी लॅपटॉपमधून, माझ्या मायच्याच तोंडून, माझ्या बापाला कळत होती.

आबा उठले. "बस," ते म्हणाले. "बंद करा ते. या आमना घरन्या गोष्टी शेतस."

साहेबाने लगेच बटण दाबलं. "बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला. "पुढचं आमच्या कामाचं नाही."

त्या वेळी मला त्याचे उपकारच वाटले.

ते मायचा फोन घेऊन गेले. माझाही मागितला. मी दिला. दुसऱ्या दिवशी धुळ्याला त्यांच्या कार्यालयात बोलावून तो परत दिला. मधल्या वेळात त्यांनी तो पाहिला असणारच. नवऱ्याने मला पाठवलेलं, मी त्याला लिहून न पाठवलेलं, मैत्रिणीपुढे रडलेलं, सगळं त्यात होतं. फोन हातात देताना साहेब म्हणाला, "यात आमच्यासाठी काही नाही, मॅडम." मी घरी आले आणि बऱ्याच वेळाने त्या फोनला हात लावला. बसमध्ये कुणी अंगावरून हात फिरवून उतरून जावं, तसं वाटत होतं, आणि ओरडायचं तर कुणाच्या नावाने, ते कळत नव्हतं. भाऊ जिवंत होता. ते ऐकत होते म्हणून जिवंत होता. हे मी स्वतःला दिवसातून अनेकदा सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

आबा मला काही बोलले नाहीत. पेरण्या झाल्यावर एक दिवस अचानक धुळ्याला माझ्या खोलीवर आले. खांद्यावर दादर ज्वारीचं अर्धं पोतं. जिना चढून दमले होते. खोलीभर नजर फिरवली, खिडकीची कडी ओढून बघितली, पाणी प्यायले. निघताना म्हणाले, "दारले आतून दुसरी कडी बसाडी लेय." बस. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर रडले. बापाशी जे बोलायला मी इतकी घाबरत होते, ते असं होऊन गेलं.

पण मायचं बोलणं गेलं.

भावाची चौकशी झाली. त्याने जाणूनबुजून काही केलं नव्हतं हे निघालं, तरी त्याची जागा बदलली, त्याचा मोबाईल गेला. आता त्याचा फोन यायचा तो कुठल्यातरी ठरलेल्या नंबरावरून, शेजारी कुणीतरी बसलेलं. आबांच्या बटणाच्या जुन्या फोनवर तो यायचा. "बरा आहे. जेवलो. तुम्ही बरे आहात ना?" माय म्हणायची, "बरी शे." ती फोन कानापासून दूर धरायची, तापलेल्या तव्यासारखा. एवढं बोलून तो आबांच्या हातात द्यायची.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, पोलीस आले होते. कुणी म्हणालं, हिने पोराचं ठिकाण सांगून दिलं. दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला जवानाची आई म्हणून मायला पुढे खुर्ची असायची, नारळ असायचा, शाल असायची. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. शाळेने मुद्दाम टाळलं की गडबडीत राहून गेलं, मला आजही माहीत नाही. माय सकाळी लवकर उठली, चांगलं लुगडं नेसली, आणि दहा वाजता ते बदलून निंदायला निघून गेली.

मी रोज फोन करायची. आबांच्या फोनवर.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"काही नही. बरी शे."

"पाऊस पडना का?"

"फोनवर नको," ती म्हणायची.

"अगं, पाऊस विचारते मी."

"तू येशी तवय बोलूत. ठेवस आते."

मी गेले की तरी कुठे बोलायची? पहिलं काम माझ्या हातातला फोन काढून घ्यायची, तो फडक्यात गुंडाळायची आणि दादरच्या कोठीत, वर झाकण लावून ठेवायची. मी समजावलं, बंद असलेल्या फोनमधून कुणी ऐकत नाही. खरं म्हणजे हे म्हणताना माझीच पूर्ण खात्री नव्हती. ती म्हणायची, "तुले आधीबी खात्री व्हती, पोरी." आणि ते खरंच होतं. मी तिला सगळ्या चोरांपासून सावध केलं होतं, फक्त जिव्हाळ्याने चौकशी करणाऱ्या माणसापासून नाही.

एकदा चुलीपाशी बसलेली असताना मी विचारलं, "त्या बाईला इतकं सगळं का सांगत होतीस?"

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "ती माले इचारे. पोऱ्या जेवना का, तू जेवनी का, तुना पाय दुखतस का. दुसरं कोण इचारस माले? तू तुनं सांगस. तो त्यानं सांगस. तुना बाप तं बोलसच नही." आणि थोड्या वेळाने, "तिना आवाज चांगला व्हता."

मी चुलीत एक काटकी सरकवली.

दिवाळीला गेले तेव्हा ती फळीवरचा डबा डाव्या हाताने काढत होती. उजवा हात वर जात नव्हता. लुगड्याच्या आत चोळीची बाही घट्ट झाली होती, कोपरापासून खांद्यापर्यंत हात सुजलेला. मी जबरदस्तीने बघितलं. काखेत लिंबाएवढी गाठ होती आणि तिच्याखाली, छातीवर, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. मी आबांना हाक मारली आणि आम्ही तसेच तिला धुळ्याला आणलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाई वयाने मोठ्या होत्या, समजुतीने बोलणाऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हाडात गेलंय. यकृतात गेलंय. मागच्या उन्हाळ्यात आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. इतके दिवस काय करत होत्या?"

मी मायच्या खाटेशी आले. सलाईन लावलेली होती. मी रागातच होते. "तुला कळत नव्हतं का? एकदा तरी सांगायचं होतंस कुणाला."

"सांगं व्हतं," माय म्हणाली.

"कोणले?"

तिने दाराकडे बघितलं, माझ्या हातात फोन नाही ना ते बघितलं. मग अगदी हळू, "त्या बाईले. काखमा गाठ शे, दुखस नही म्हनीसन घरमा कोणले सांगं नही, असं सांगं मी तिले. ती म्हने, आई, लगेच दवाखान्यात जा, मुलीला सांगा. मी म्हनं, पोरना आधीच हाल शेतस, आखाजीले येई तवय सांगसू." ती थांबली. "मंग त्या लोके उनात."

ते लोक घरी येऊन गेल्यानंतर ती कुणालाच काही सांगणार नव्हती. हे मला तिथे, त्या खाटेशी उभं राहून कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली, ती बाहेर येऊन जिन्यावर बसल्यावर. तो फोन त्यांनी ऐकला होता. तिचे सगळे फोन त्यांनी ऐकले होते.

मी साहेबाला फोन केला. त्याने आखाजीच्या वेळी नंबर देऊन ठेवला होता, तशी कुणी बाई पुन्हा बोलली तर कळवा म्हणून. मी म्हणाले, मायचा फोन परत हवाय. त्यात भावाचे जुने व्हिडिओ होते, ते तिला दाखवायचे होते, आणि हे खरंच होतं. त्याने दुसऱ्या दिवशी बोलावलं. आबा बरोबर यायला निघाले. कार्यालयात मात्र एकालाच आत सोडत होते, म्हणून आबा बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले.

साहेबाने उभं राहून खुर्ची दिली. फोनचं म्हणाला, तपास अजून चालू आहे, आता देता येणार नाही, त्याच्या हातात नाही. मी म्हणाले, राहू द्या. आणि मग विचारलं.

"माझ्या आईने त्या बाईला काखेत गाठ आहे म्हणून सांगितलं होतं. ते तुम्ही ऐकलं होतं?"

त्याला आठवत नसेल, रोज इतकं ऐकतात, असं मला वाटलं. त्याला आठवत होतं.

"हो," तो म्हणाला. "जो फोन तुमच्या घरी ऐकवला, त्यातच होतं. तुमच्या वडिलांनी बंद करा म्हटलं ना, त्याच्या जरा पुढे. तुमचं सांगून झाल्यावर त्या स्वतःचं सांगू लागल्या होत्या."

खोलीत पंखा फिरत होता.

"मग सांगितलं का नाही?"

"वडील म्हणाले, घरच्या गोष्टी आहेत. मला ते पटलं, मॅडम. खरंच पटलं. आधीच आम्ही तुमच्या घरात इतकं आत आलो होतो." तो थांबला. "नंतर वाटलं, आई आहे, मुलीला सांगितलंच असेल. आणि आमचा नियमही तसाच आहे. जे ऐकलं त्यातलं कामाचं तेवढं घ्यायचं, बाकीचं तोंडातून काढायचं नाही. लोकांचं खाजगी असतं ते. नियम तुमच्यासाठीच केलाय."

"ते खाजगी कुणापासून ठेवलंत तुम्ही? तुम्हाला माहीत, त्या बाईला माहीत. फक्त आम्हालाच माहीत नाही."

तो ऐकत नसता तर माझा भाऊ कदाचित त्या पहाटे त्या रस्त्यावर गेला असता. तो ऐकत होता आणि सभ्य माणसासारखा गप्प राहिला, म्हणून माझी माय मरत होती. या दोन गोष्टी मी शेजारी-शेजारी ठेवून पुष्कळदा बघितल्या आहेत. एकीने दुसरी फिटत नाही.

उठताना तो म्हणाला, "आता कशा आहेत त्या?" मी दार लोटून बाहेर आले.

दवाखान्यात परत जाताना रिक्षात आबा माझ्या शेजारी बसले होते. पांझरा नदीचा पूल ओलांडताना म्हणाले, "फोन नही दिधा का?"

"नाही. तपास चालू आहे."

"ऱ्हाऊ दे." मग रस्त्याकडे बघतच, "त्या दिवशी मी बंद करं ते. पुढे काय बोलनी व्हती ती? साहेबले माहीत व्हई."

त्यांना काही माहीत नव्हतं. संसारभर बायकोशी न बोललेला माणूस आता तिचं बोलणं शोधत होता, एवढंच. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. कापसाच्या बोंडांनी चिरलेली बोटं, गुडघ्यावर उलटी ठेवलेली.

"काही नाही, आबा," मी म्हणाले. "घरचंच बोलत होती. म्हशीचं, पाऊस-पाण्याचं."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

मायचा तो हिवाळा दवाखान्यात आणि माझ्या खोलीत गेला. औषधांनी केस गेले, चव गेली. शेवटी शेवटी ती भाताची पेजसुद्धा नको म्हणायची. भावाला सुट्टी मिळायला वेळ लागला, पण मिळाली. तो दवाखान्यात आला तेव्हा तिला पाहून दारातच थबकला. मग पिशवी खाली ठेवून तिच्या उशाशी बसला. तिचा हात धरून तो वाटेतलं काहीबाही बोलत राहिला. गाडीला गर्दी होती, चहा वाईट होता. ती नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने काहीच विचारलं नाही. जेवलास का, हेसुद्धा नाही. ते बघून तो फुटला.

"माय, इचार ना," तो म्हणाला. "मी कोठे ऱ्हास, काय करस, बठ्ठं इचार. मी सांगस तुले." आणि तिच्या कानाशी वाकला, खरंच सांगायला. मी अडवलं नाही. त्या वेळी कोणता नियम मोडतोय आणि कोण ऐकतंय, याची मला पर्वा नव्हती.

मायने सलाईनची सुई लावलेला हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. "नको सांगू रे," ती म्हणाली. "माले नको सांगू. मना तोंडमा काही ऱ्हास नही."

तो सुट्टी संपेपर्यंत थांबला आणि गेला. माय त्यानंतर फार दिवस राहिली नाही. आम्ही तिला गावी नेलं होतं. एका सकाळी ती गेली. मी घरात कागदावर लिहून ठेवलेल्या त्या ठरलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या माणसाने भावाचं नाव, माझं नाव, आईचं नाव विचारून घेतलं, आणि म्हणाला, "निरोप पोचवतो, मॅडम."

"तो कधीपर्यंत पोचेल?"

"ते सांगता येणार नाही."

ओसरीत बायका जमल्या होत्या. बाहेर माणसं तिरडीचं बघत होती. ऊन वाढत होतं. आबा माझ्याजवळ आले. "पोऱ्यासाठे थांबूत का?" त्यांनी विचारलं. "कितला येळ लागी त्याले? कोठे शे तो?"

मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत थांबलो. मग भावकीतली वडीलधारी माणसं म्हणाली, आता ठेवता येणार नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं. भाऊ आला तोवर अस्थी गोळा करून झाल्या होत्या. तो ओट्यावर आबांच्या शेजारी बसला, आणि त्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.